व्हीलचेअरवरून क्रूझ: केबिनचं दार, टेंडर बोट आणि पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

मीरा_नाशिक

मागे प्रवासाच्या धाग्यावर मी आमच्या सिंगापूर क्रूझचा उल्लेख केला होता. त्यानंतर बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. प्रत्येकाला तेच तेच लिहिण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कुणी शोधलं तर सापडेल.

माझ्याबद्दल थोडक्यात: अपघातात मणक्याला इजा झाली, कमरेखाली संवेदना नाही, उभं राहता येत नाही. हात चांगले आहेत. हाताने ढकलायची खुर्ची वापरते. बरोबर नवरा आणि सासूबाई होत्या. मार्ग सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर.

सुरुवात केबिनपासून करते, कारण सगळा घोळ तिथेच होतो. आम्ही आधी ज्या एजंटकडे गेलो त्याने 'व्हीलचेअर टाकली आहे मॅडम, काळजी नको' असं सांगितलं. मी केबिनचा नंबर मागितला आणि जहाजाच्या संकेतस्थळावर डेकचा नकाशा उघडून बघितला. त्या केबिनवर व्हीलचेअरचं चिन्हच नव्हतं! त्याने टाकली होती ती 'व्हीलचेअर असिस्टन्स', म्हणजे बंदरावर कुणीतरी खुर्ची ढकलत जहाजावर नेऊन सोडणार, एवढंच. ती केबिन नेहमीचीच. पुष्कळ जहाजांवर नेहमीच्या केबिनचं दार २२-२३ इंचांचं असतं. माझी खुर्ची चाकाच्या कडेपासून कडेपर्यंत २५ इंच. म्हणजे मी खोलीत शिरूच शकले नसते, आणि हे कळलं असतं ते जहाज सुटायच्या दिवशी.

ॲक्सेसिबल केबिनचं दार साधारण ३२ इंचांचं असतं. आत खुर्ची गोल वळवण्याइतकी, म्हणजे पाच फुटांच्या आसपास मोकळी जागा असते. बाथरूमला उंबरा नसतो, शॉवरमध्ये खुर्चीसकट जाता येतं, भिंतीला घडीचं आसन आणि आधाराचे दांडे असतात. कपाटातला कपडे टांगायचा दांडा खाली ओढता येतो. त्यासाठी वेगळे पैसे पडले नाहीत. पण हजारो प्रवाशांच्या जहाजावरही अशा केबिन मोजक्याच असतात आणि त्या फार लवकर जातात. आम्ही जवळजवळ वर्षभर आधी घेतली. दुसऱ्या एजंटकडून घेतली आणि केबिनचा नंबर लेखी आल्यावरच पैसे भरले.

जहाजावर रोजचं कसं होतं ते सांगते. लांबी साडेतीनशे मीटरच्या जवळपास आणि सगळीकडे जाड गालिचा. गालिच्यावर हाताने खुर्ची ढकलणं म्हणजे ओल्या वाळूत चालणं. पहिल्याच संध्याकाळी खांदे भरून आले. हातमोजे न्या आणि केबिन लिफ्टच्या जवळची मागा. नाटकाचा खेळ सुटला की सगळी गर्दी लिफ्टपाशी येते, त्यामुळे आम्ही शेवटच्या गाण्याला निघायचो किंवा पंधरा मिनिटं बसून राहायचो. उघड्या डेकवर जायच्या दारांना छोटे उतार होते आणि दारं आपोआप उघडायची. बुफेमध्ये ताट मांडीवर घेऊन खुर्ची ढकलता येत नाही. कर्मचाऱ्यांना सांगितलं की ते ताट घेऊन टेबलापर्यंत येतात, रोज आले.

खाट माझ्या खुर्चीपेक्षा बरीच उंच होती, त्यामुळे खुर्चीतून खाटेवर जाताना चढ लागायचा. केबिन साफ करणाऱ्या दादांनी आम्ही न सांगता सोफा बाहेर नेला आणि खाट भिंतीकडे सरकवली, मग मला कोन मिळाला. त्यांना चार वेळा धन्यवाद म्हटलं तरी कमीच वाटलं.

पेनांगला जहाज जॉर्जटाऊनच्या स्वेटनहॅम धक्क्यालाच लागतं. उताराच्या पुलावरून खाली, फाटकातून बाहेर, की समोर व्हिक्टोरिया राणीचा घड्याळ-मनोरा आणि किल्ला कॉर्नवॉलिस. समुद्राकाठचा रस्ता सपाट आहे, तिथे मी एकटी पुढे गेले, नवऱ्याला मागे ठेवून. जुन्या पेठेत मात्र दुकानांपुढच्या ज्या झाकलेल्या पडव्या आहेत, त्यांची पातळी दुकानागणिक बदलते आणि मध्येच पायऱ्या येतात. तिथे रस्त्याच्या कडेनेच जावं लागलं, वाहनं सांभाळत.

फुकेतला मी उतरले नाही. जहाज पातोंगसमोर नांगर टाकून उभं होतं आणि किनाऱ्यावर न्यायला छोट्या बोटी होत्या. त्या बोटींना टेंडर म्हणतात. हे आधीच माहीत असल्यामुळे त्या दिवसासाठी मी दुसरंच ठरवून ठेवलं होतं. जहाज रिकामं झालेलं. तरणतलावाशी पाण्यात सोडणारी लिफ्ट होती: एक आसन, त्यावर आपण बसायचं, पट्टा लावायचा, ते वळून हळूहळू पाण्यात उतरतं. तिथल्या मुलीने आधी रिकामं आसन दोनदा खालीवर करून दाखवलं. मग मी बसले. पाणी कंबरेपर्यंत आलं ते मला कळलं नाही, छातीला लागलं तेव्हा कळलं. मग पाय आपोआप वर तरंगायला लागले. अपघातानंतर मी पहिल्यांदा पाण्यात होते. नवरा काठावर उभा राहून रडत होता. सासूबाईंनी त्याला लिंबू सरबत आणायला पाठवलं.

ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी इथेच विचारा, व्यनि नको. बाकीच्यांनाही उपयोग होईल.

---

कोकणकडा

मीराताई, मनापासून धन्यवाद. माझे बाबा ७१ वर्षांचे, अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे, उजवी बाजू कमजोर. घरात काठीने चार पावलं टाकतात, बाहेर खुर्ची. त्यांना समुद्र फार आवडतो, जन्म देवगडचा. त्यांनाही पूर्ण ॲक्सेसिबल केबिनच लागेल का? आणि मुंबई-गोवा क्रूझ आधी करून बघावी का?

---

मीरा_नाशिक

चार पावलं टाकता येत असली तरी ॲक्सेसिबलच घ्या. जहाज हलत असतं. घरात जमणारी चार पावलं तिथे जमतीलच असं नाही, आणि बाथरूमचा उंबरा ओलांडताना धरायला दांडा हवा. काही कंपन्या ॲक्सेसिबल केबिनचे प्रकार पाडतात. कार्निव्हलकडे तीन आहेत: पूर्ण ॲक्सेसिबल, खाटेच्या एकाच बाजूने खुर्ची जाईल अशी, आणि थोडं चालू शकणाऱ्यांसाठीची. बाबांना कागदावर तिसरी बसेल, पण खुर्ची खोलीत आत न्यायचीच असेल तर दाराची रुंदी विचारल्याशिवाय ती घेऊ नका.

मुंबई-गोव्याचं प्रत्यक्ष जाऊन आलेल्याने सांगावं, मी गेलेली नाही. विचारायचे प्रश्न तेच. दार किती इंच, बाथरूमला उंबरा आहे का, शॉवरमध्ये आसन आहे का, आणि बंदरात जहाज धक्क्याला लागतं की बाहेर उभं राहतं. उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरचं 'हो हो, होईल' मी धरत नाही.

---

जुना_दर्यावर्दी

मी प्रवासी जहाजांवर डेकला नोकरी केली, आता रत्नागिरीत असतो. टेंडरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माणसं नाराज होतात ती तिथे.

जहाज नांगरावर असतं तेव्हा बाजूचं एक दार उघडतात आणि पाण्याच्या जवळ एक फलाट तयार करतात. टेंडर त्याला येऊन चिकटते. जहाज एका तालात हलतं, टेंडर वेगळ्याच तालात. मधली फट कधी चार बोटं, कधी हातभर. पातळीही सारखी राहत नाही. धडधाकट माणसाला आम्ही दोन्ही दंडांना धरून 'आता' म्हणतो आणि तो पाऊल टाकतो. खुर्ची त्या क्षणात पलीकडे जायला हवी, आणि चाकं फटीत अडकली तर वेळ नसतो. म्हणून बऱ्याच कंपन्यांचा नियम असतो की बॅटरीची जड खुर्ची टेंडरवर नाही, आणि हाताच्या खुर्चीतल्या माणसाला पाऊल टाकता यायला हवं. काही जहाजांवर याच कामासाठी खास लिफ्टची सोय असते. तरी शेवटचा शब्द कप्तानाचा. सकाळी दहाला गेलेला माणूस दुपारी वारा फिरला तर परत येताना अडकू शकतो, हेही डोक्यात ठेवा.

तेव्हा मार्ग निवडताना शहरांची नावं बघू नका, त्यांच्यापुढे धक्का आहे की टेंडर ते बघा. सँटोरिनीला टेंडरच. त्यातून खालच्या बंदरावरून वर गावात जायला पाचशेच्या वर पायऱ्या, नाहीतर केबल कार. कॅरिबियनमध्ये ग्रँड केमनला टेंडर, कोझुमेलला धक्का. बार्सिलोनाला धक्का. रोमसाठी चिविताव्हेक्किया बंदराला धक्का आहे, पण तिथून रोम ८० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे लिफ्टवाली गाडी आधी ठरवावी लागते.

कोकणकडा, आपल्याकडे लक्षद्वीपचं असंच आहे. मोठी जहाजं प्रवाळाच्या बाहेर उभी राहतात आणि माणसं छोट्या बोटीत उतरतात. बाबांना ते सुचवणार नाही. गोव्याला मुरगाव बंदरात धक्का आहे.

---

सह्याद्री_पुत्र

दर्यावर्दी काका, एक वेगळा अनुभव. माझे काका पोलिओमुळे लहानपणापासून चालत नाहीत. एका बंदरावर त्यांना दोन खलाशांनी खुर्चीसकट उचलून टेंडरमध्ये ठेवलं, परतही आणलं. काकांनी त्या दिवशी किनाऱ्यावर बसून मासे खाल्ले, तो दिवस ते अजून सांगतात. सगळ्यांना सरसकट 'जाऊ नका' म्हणणं मला पटत नाही.

---

डॉ_रेवा

मी पुनर्वसन विभागात काम करते. सह्याद्री, तुमच्या काकांना जावंसं वाटलं आणि ते गेले याचा आनंदच आहे. पोलिओमध्ये संवेदना शाबूत असते. काही लागलं तर त्यांना लगेच कळतं. मणक्याच्या इजेत तसं नसतं. इजेच्या खालच्या भागातली हाडं काही वर्षांत बरीच ठिसूळ होतात. उचलताना पाय कुठे अडकला, मांडीचं हाड मोडलं, तर त्या माणसाला कळतही नाही. रात्री सूज दिसते, ताप येतो, तेव्हा उलगडा होतो. त्यामुळे उचलून न्यायचं की नाही याचं उत्तर प्रत्येक आजारात वेगळं आहे.

आता धाग्यात थोडी औषधपाण्याची भर.

कॅथेटर (लघवीची नळी), बॅग, हातमोजे, नेहमीची औषधं, सगळं लागतं त्याच्या दुप्पट न्या आणि निम्मं तरी हातातल्या बॅगेत ठेवा. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत केबिनपाशी येतात. तोवर कॅथेटर त्यात अडकलं तर पंचाईत.

बोट लागू नये म्हणून कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी मिळते. तिने लघवी अडू शकते. ज्यांच्या मूत्राशयावर आधीच परिणाम झालाय त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नये. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ही पट्टी बरोबरचे प्रवासी प्रेमाने देऊ करतात.

शॉवरमधलं घडीचं आसन टणक प्लास्टिकचं असतं. त्यावर आपली गादी किंवा निदान घडी केलेला जाड टॉवेल घाला आणि रात्री आरशात त्वचा बघा. सुट्टीत माणूस तासन्‌तास एका जागी बसून राहतो, समुद्र बघत. दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन अंग उचला.

ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर आहे त्यांचा रक्तदाब अचानक चढण्याचा धोका असतो, बहुतेक वेळा तुंबलेल्या कॅथेटरमुळे. जहाजावर डॉक्टर असतात, पण प्रत्येकाने असा रुग्ण पाहिलेला असेलच असं नाही. एका कार्डावर इंग्रजीत लक्षणं आणि पहिली कृती लिहून खुर्चीला अडकवा: सरळ बसवा, घट्ट कपडे सैल करा, कॅथेटर तपासा. मानेच्या इजेत घाम येत नाही, म्हणून उन्हात पाण्याचा फवारा जवळ ठेवा.

आणि विमा. आधीपासूनच्या आजाराचं कलम शब्द न् शब्द वाचा. जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो.

---

मीरा_नाशिक

रेवाताई, पट्टीचं वाचून बरं झालं, शेजारच्या केबिनमधल्या काकू मला खरंच देत होत्या.

सह्याद्री, तुमच्या काकांचा दिवस मी नाकारत नाही. उचलून घ्यायचं की नाही हे ज्याला उचलायचं त्याने ठरवावं, एवढंच माझं म्हणणं. लग्नात, देवळात, 'थांब गं, आम्ही उचलतो' म्हणत माणसं न विचारता हात घालतात. जहाजावर कुणीही न विचारता माझ्या खुर्चीला हात लावला नाही. हे मला तलावाइतकंच लक्षात राहिलं.

---

सह्याद्री_पुत्र

मान्य, काकांनी स्वतःच ठरवलं होतं. पण मग कंपनीनेही माणूस बघून ठरवावं. नियम सगळ्यांना एकच लावला की माझ्या काकांसारख्याला विनाकारण जहाजावर बसून राहावं लागतं.

---

रेनियर_समोर

सिॲटलहून. आईला अलास्काला नेलं होतं, तिचे दोन्ही गुडघे गेलेत आणि ती पूर्ण वेळ खुर्चीत असते. खुर्चीवाल्यांसाठी मला अलास्का सगळ्यात सोयीची वाटते, कारण तिथलं सगळ्यात सुंदर जे आहे ते जहाजावरूनच दिसतं. ग्लेशियर बेमध्ये जहाज थांबतं पण कुणीच उतरत नाही. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि माहिती सांगतात. सगळे प्रवासी एकाच पातळीवर. आई शाल गुंडाळून कठड्याशी बसली होती आणि समोर हिमकडा कोसळला. आवाज नंतर पोचतो, आधी फक्त पांढरं पाणी उडताना दिसतं.

जुनो, स्कॅगवे, केचिकन, तिन्ही ठिकाणी धक्का. स्कॅगवेला १९०० साली पूर्ण झालेली व्हाइट पासची अरुंद रुळांची रेल्वे आहे, तिच्या काही डब्यांना खुर्चीची लिफ्ट आहे. तिकीट काढतानाच सांगावं लागतं. जुनोला धक्क्याला लागूनच डोंगरावर जाणारी ट्राम आहे, तीत खुर्ची जाते. मेंडेनहॉल हिमनदीच्या माहिती केंद्रातही लिफ्ट आहे.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. या भागात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड आहे, पंधरा फुटांच्या वरही जातो. त्यामुळे जहाजातून उतरायचा पूल सकाळी सपाट असला तरी दुपारी घसरगुंडीसारखा तिरका होऊ शकतो. आम्ही आदल्या संध्याकाळी विचारून ठेवायचो की उद्या चढ कधी कमी असेल, आणि त्या हिशोबाने बाहेर पडायचो. तीव्र उतारावर खुर्ची उलटी, पाठ उताराकडे करून उतरवा.

कायद्याचंही लिहितो. अमेरिकेतल्या बंदरांतून जाणारी बहुतेक जहाजं परदेशी झेंड्याखाली असतात, म्हणून अमेरिकेचा अपंग हक्क कायदा आम्हाला लागू नाही, असं कंपन्या म्हणायच्या. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन या खटल्यात सांगितलं की अमेरिकेच्या पाण्यात तो लागू होतो. फक्त जहाजाच्या सुरक्षेला धोका येईल असे बांधकामातले बदल कंपनीवर लादता येत नाहीत. तो खटला लढवणारे प्रवासी होते, आपल्यासारखेच.

---

जुना_दर्यावर्दी

युरोपातही आहे. २०१०चा ११७७ क्रमांकाचा नियम, डिसेंबर २०१२पासून लागू. अपंगत्वामुळे तिकीट नाकारता येत नाही, अपवाद सुरक्षेचा किंवा जहाज-बंदराच्या रचनेचा. मदत हवी असेल तर ४८ तास आधी कळवायचं, केबिनची खास गरज असेल तर आरक्षण करतानाच. आणि त्यांच्या चुकीने तुमची खुर्ची मोडली तर भरपाई त्यांनी द्यायची.

आपल्याकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात वाहतूक सुगम्य करण्याचं कलम आहे. क्रूझ आता कुठे वाढतेय, म्हणून प्रवाशांनी आत्ताच लेखी विचारायला लागावं असं मला फार वाटतं. कुणी विचारलंच नाही तर नवीन जहाजातही उंबरे तसेच राहतील.

---

चार्जवाला_अनिकेत

बॅटरीच्या खुर्चीवाल्यांसाठी. मला स्नायूंचा आजार आहे, हाताने ढकलणं शक्य नाही.

अर्धी लढाई विमानतळावर असते. लिथियम बॅटरी काढता येणारी असेल तर ती काढून केबिनमध्ये बरोबर न्यावी लागते. एक असेल तर ३०० वॅट-अवरपर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी १६०. हा आकडा बॅटरीवर छापलेला हवा. नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करून उत्पादकाकडून पत्रावर लिहून घ्या. माझ्या बॅटरीवरचं लेबल घासून पुसट झालं होतं, काउंटरवर पत्रच कामी आलं. खरेदी करतानाच हे बघा, कारण लांब पल्ल्याची म्हणून विकतात त्या बॅटऱ्या बऱ्याचदा या मर्यादेच्या वर असतात.

आरक्षणात डब्ल्यूसीएचसी हा संकेत टाकायला सांगा. त्याचा अर्थ हा प्रवासी अजिबात चालू शकत नाही, त्याला आसनापर्यंत न्यायचं आहे. नुसतं 'व्हीलचेअर' सांगितलं की बहुतेक वेळा डब्ल्यूसीएचआर टाकतात, म्हणजे पायऱ्या चढू शकणारा माणूस. मग विमानाच्या दारात अरुंद खुर्ची नसते आणि सगळे एकमेकांकडे बघतात.

जहाजावर खुर्ची किंवा स्कूटर केबिनच्या आतच ठेवायची, बोळात नाही. आग लागली तर तो बोळ हाच सगळ्यांचा रस्ता. चार्जरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का बघा, जहाजावर ११०ची सॉकेटंही असतात. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, तो काढून घेतात.

---

आईची_सावली

आगीचा विषय निघालाय म्हणून विचारते. लिफ्ट बंद पडल्या तर खुर्चीतल्या माणसाचं काय? माझी आई घाबरून याच कारणासाठी नाही म्हणतेय.

---

जुना_दर्यावर्दी

योग्य प्रश्न, आईंना हे वाचून दाखवा.

आणीबाणीत प्रवाशांनी लिफ्ट वापरायच्याच नसतात. ज्यांना मदत लागते त्यांची केबिननुसार यादी असते आणि ती यादी घेऊन कर्मचाऱ्यांची तुकडी त्या त्या केबिनकडे जाते. जिन्यावरून उतरवायला वेगळ्या खुर्च्या असतात, त्या वापरण्याचा सराव झालेला असतो. आम्ही तो सराव पुन्हा पुन्हा करायचो, एकमेकांना खुर्चीत बांधून. ऐकू न येणाऱ्यांच्या केबिनमध्ये दिव्याने किंवा गादीच्या थरथरण्याने इशारा देणारं उपकरण बसवतात, मात्र ते आधी मागावं लागतं.

तुमचं काम दोन गोष्टींचं. पहिली, त्या यादीत आईंचं नाव आहे की नाही ते जहाजावर चढल्या चढल्या स्वागतकक्षात विचारा. 'फॉर्म भरलाय' एवढ्यावर थांबू नका. दुसरी, सुरुवातीच्या सुरक्षा सरावात त्यांना घेऊन आपल्या जमायच्या जागेपर्यंत प्रत्यक्ष जाऊन या. हल्ली बऱ्याच जहाजांवर चित्रफीत मोबाइलवर बघून फक्त हजेरी लावतात. तुम्ही तेवढ्यावर भागवू नका. वाटेतली आगीची जड दारं कशी उघडतात ते बघून ठेवा. आईंनी तो रस्ता एकदा डोळ्यांनी पाहिला की त्यांना झोप लागेल.

---

आईची_सावली

वाचून दाखवलं. म्हणाली, 'त्यांना विचार, कमोडची खुर्ची देतात का.' म्हणजे निम्मी तयार झाली!

---

मीरा_नाशिक

व्वा! उंच करायची सीट आणि शॉवर-खुर्ची काही कंपन्या देतात, आधी फॉर्ममध्ये लिहावी लागते. आईंना सवयीची घडीची खुर्ची असेल तर तीच न्या. जहाजाचा संडास हवेच्या दाबाने ओढणारा असतो, त्यात टिश्यूखेरीज काहीही टाकू नका, वाइप्स आणि पॅड तर नाहीच. तुंबला तर आजूबाजूच्या केबिनचेही बंद पडू शकतात.

सिंगापूर करणार असाल तर दोन दिवस आधी पोचा. मेट्रोच्या सगळ्या स्थानकांत लिफ्ट आहे आणि सगळ्या सार्वजनिक बसमध्ये खुर्ची चढते. चालक स्वतः उतरून फळी टाकतो. आणि व्हिसा बहुप्रवेशाचा घ्या, जहाज परत सिंगापूरलाच येतं.

---

कोकणकडा

धागा वर काढतोय. मुंबई-गोवा बाजूला ठेवून बाबांसाठी सिंगापूरचंच ठरवलं. दोन कंपन्यांना तेच प्रश्न लिहून पाठवले. एकीने माहितीपत्रक पाठवलं, दुसरीने दाराचं माप, बाथरूमचा फोटो आणि केबिनचा नंबर. अर्थात दुसरी धरली. पण फोटोत संडासाच्या उजव्या हाताला दांडा आहे आणि डावीकडे मोकळी जागा. बाबांचा उजवा हात चालत नाही. फोटो त्याच केबिनचा आहे की नमुन्याचा, ते लिहिलेलं नाही. काय करावं?

---

डॉ_रेवा

थांबा, पैसे भरू नका. बाबांना दांडा डाव्या हातालाच हवा, बसताना आणि उठतानाही. खाटेचंही तेच. ते डाव्या अंगावर जोर देऊन उठत असतील, तर खाटेची ती बाजू भिंतीला नको. घरी ते कुठल्या बाजूने उठतात ते आज नीट बघा आणि तसं लिहून पाठवा.

---

जुना_दर्यावर्दी

यावर सोपा उपाय आहे. जहाजाच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या केबिन बहुतेक वेळा एकमेकींच्या उलट बांधलेल्या असतात. एकीत दांडा उजवीकडे असेल तर समोरच्या बाजूच्या जोडीदार केबिनमध्ये तो डावीकडे येतो. डेकच्या नकाशावर त्याच रांगेतली पलीकडची व्हीलचेअरच्या चिन्हाची केबिन शोधा, तिचा नंबर द्या आणि 'याच केबिनचा फोटो पाठवा' असं लिहा. शक्यतो जहाजाच्या मध्यभागातली आणि खालच्या डेकवरची बघा, तिथे हेलकावे कमी.

---

कोकणकडा

शोधली. त्याच डेकवर पलीकडे एक आहे आणि नकाशावर अजून मोकळी दिसतेय. ईमेल आत्ताच पाठवलं. बाबा खाटेच्या डाव्या बाजूने उठतात, हेही त्यात लिहिलंय. त्यांना विचारलं तर म्हणाले, 'खिडकी कुठल्या बाजूला येते ते पण विचार.' फोटो आला की इथे टाकतो.